विश्लेषण : घरबसल्या व्हिडिओ पाहून लहान मुलांना फ्रेंच येते का?

मोबाइल घराघरांत पोहोचल्यापासून परदेशी भाषेचा शिकवणीवर्ग पुण्या-मुंबईतच असतो, ही अडचण राहिलेली नाही. संगमनेर, श्रीरामपूर किंवा शेवगावमधील पालकालाही मुलासमोर फ्रेंच बालगीत सुरू करता येते आणि चार दिवसांत मूल ते गुणगुणूही लागते. पाहुण्यांसमोर ‘बोंझूर’ म्हणून दाखवणाऱ्या मुलाचे कौतुक होते. पण त्याला फ्रेंच येऊ लागली, असे त्यावरून म्हणता येईल का? कोणत्या वयात व्हिडिओचा उपयोग होतो, कोणत्या वयात होत नाही आणि घरात कुणालाच ती भाषा येत नसेल तर काय करायचे, याचा हा आढावा.

(लेखातील फ्रेंच शब्दांचे देवनागरी उच्चार जवळपासचे आहेत. फ्रेंचमधील काही स्वरांसाठी आपल्याकडे अक्षरच नाही.)

गोदावरीपलीकडच्या गाडीवाटमध्ये काय घडले?

फ्रेंचचे नसले तरी या विषयातले सर्वांत जवळचे उदाहरण शेजारच्या जिल्ह्यातले आहे. छत्रपती संभाजीनगर शहरापासून (तेव्हाचे औरंगाबाद) सुमारे २५ किलोमीटरवरील गाडीवाट या गावच्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारले, कोणती परदेशी भाषा शिकायला आवडेल? यंत्रमानव आणि तंत्रज्ञान यांच्या ओढीने बऱ्याच मुलांनी जपानी निवडली. शाळेत जपानी जाणणारे कोणी नव्हते, पुस्तकेही नव्हती. शिक्षकांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची अ‍ॅप यांतून साहित्य जमवले आणि सुरुवात केली.

पुढचा टप्पा जास्त महत्त्वाचा आहे. शाळेच्या उपक्रमाची माहिती कळल्यावर शहरातील एका जपानी जाणणाऱ्या गृहस्थांनी मोफत शिकवण्याची तयारी दाखवली. २०२० च्या जुलैपासून, टाळेबंदीच्या काळात, त्यांनी ऑनलाइन तास घेतले. सुमारे ७० मुले शिकत होती आणि प्रत्येकाकडे स्मार्टफोन नव्हता. त्यावर शाळेने ‘विषयमित्र’ ही तोड काढली. ज्याच्या घरी फोन आहे त्याने तास करायचा आणि शिकलेले इतर मुलांना सांगायचे. मुले एकमेकांशी जपानीत बोलून पाहू लागली, याची दखल वृत्तसंस्थांनीही घेतली.

या उदाहरणात व्हिडिओने दार उघडले. पण भाषा रुजली ती समोरून उत्तर देणारा माणूस मिळाल्यावर आणि मुले आपसांत बोलू लागल्यावर. शिवाय ती मुले चौथीच्या पुढची होती, वाचता-लिहिता येणारी होती आणि भाषा त्यांनी स्वतः निवडली होती. तीन वर्षांच्या मुलासमोर मोबाइल ठेवून हाच परिणाम मिळेल असे समजणे चुकीचे ठरेल. का, ते पुढे पाहू.

तान्ही बाळे पडद्यावरून भाषा शिकतात का?

‘लहान मुलांचा मेंदू स्पंजासारखा असतो, जितक्या लवकर तितके चांगले’ हे वाक्य शिकवण्यांच्या जाहिरातींत हमखास सापडते. त्यातला अर्धा भाग खरा आहे. जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बाळाला जगातल्या कुठल्याही भाषेतले बारीक उच्चारभेद ऐकू येतात. वर्षाचे होईपर्यंत ही क्षमता घरातल्या भाषेपुरती आकसू लागते. मग याच काळात परदेशी भाषेचे व्हिडिओ लावले तर?

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासले. २००३ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांसमोर चिनी मातृभाषा असलेल्या व्यक्ती बसल्या. त्यांनी पुस्तके वाचून दाखवली, खेळणी हाताळली. २५ मिनिटांच्या अशा १२ बैठका झाल्या, म्हणजे एकूण पाच तास. एवढ्यावर त्या बाळांना चिनीतील एक अवघड उच्चारभेद ओळखता येऊ लागला. तैवानमध्ये वाढणाऱ्या बाळांच्या जवळपास ती पोहोचली. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्ती, तीच पुस्तके, तेवढाच वेळ, पण व्हिडिओवर दाखवण्यात आले. तिसऱ्या गटाने फक्त ध्वनिमुद्रण ऐकले. या दोन्ही गटांच्या पदरी काहीच पडले नाही.

२०१० मध्ये ज्युडी डिलोश यांच्या गटाने १२ ते १८ महिन्यांच्या मुलांवर असाच प्रयोग केला. शब्द शिकवणारी, बाजारात खूप खपणारी एक डीव्हीडी मुलांना महिनाभर घरी दाखवण्यात आली. सर्वांत जास्त शब्द शिकली ती डीव्हीडी न पाहिलेली, पण आई-वडिलांनी रोजच्या व्यवहारात तेच शब्द वापरून दाखवलेली मुले. याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट आपल्या घरांनाही लागू पडेल. ज्या पालकांना ती डीव्हीडी स्वतःला आवडली होती, त्यांना आपले मूल तिच्यातून खूप शिकले असे वाटत होते. चाचणीत तसे दिसले नाही.

दोन वर्षांच्या आतील मुलासाठी फ्रेंच व्हिडिओ लावण्याला त्यामुळे फारसा आधार उरत नाही. २०१८ मध्ये कूल यांच्याच गटाला थोडे वेगळे चित्रही दिसले. नऊ महिन्यांच्या बाळांना पडद्याला हात लावून व्हिडिओ सुरू करू दिला आणि शेजारी दुसरे बाळ बसवले, तेव्हा एकट्या बाळापेक्षा जोडीतल्या बाळांमध्ये परकी भाषा शिकल्याच्या खुणा जास्त दिसल्या. तिथेही फरक पडला तो शेजारच्या जिवंत सोबतीमुळे.

तीन वर्षांनंतर चित्र बदलते का?

बदलते. दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मुलांना नवी क्रियापदे तीन प्रकारे शिकवण्यात आली : प्रत्यक्ष समोर बसून, व्हिडिओ कॉलवर आणि आधी मुद्रित केलेल्या व्हिडिओतून. प्रत्यक्ष आणि व्हिडिओ कॉल या दोन्ही प्रकारांत मुले शिकली, मुद्रित व्हिडिओतून शिकली नाहीत. पडदा दोन्हीकडे होता. फरक एवढाच की कॉलवरची व्यक्ती मुलाच्या हालचालीला, बोलण्याला प्रतिसाद देत होती.

तीन ते पाच या वयात मुले मुद्रित कार्यक्रमांतूनही शब्द उचलू लागतात. ‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकी कार्यक्रमावरच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून हे दिसले आहे. आपल्याकडे त्याची ‘गली गली सिम सिम’ ही आवृत्ती २००६ मध्ये आली. अर्थात तिथे मुले आपल्याच भाषेतले शब्द वाढवत होती. परक्या भाषेत चित्रावरून अर्थ लागला नाही तर मूल फक्त रंग आणि हालचाल पाहते.

आणि थोडा हिशेबही मांडून पाहावा. रोज २० मिनिटे, एक दिवसही खंड न पाडता, वर्षभर व्हिडिओ पाहिला तर साधारण १२० तास होतात. मराठी घरातले मूल जागेपणी दिवसाचे दहा तास घरच्यांच्या बोलण्यात वावरते असे धरले, तर ते १२ दिवसांचे मराठी झाले. बारा दिवसांत कोणी मराठी शिकत नाही. त्यामुळे वर्षाअखेर मूल फ्रेंच ‘बोलेल’ ही अपेक्षा सोडून द्यावी. शंभरेक ओळखीचे शब्द, दोन-चार गाणी, काही तयार वाक्ये आणि कानाला झालेली सवय, इतके मिळाले तरी ते भरपूर आहे.

मराठी मुलाला फ्रेंच कुठे सोपी जाते?

या प्रश्नाची चर्चा फारशी होत नाही. फ्रेंच शिकवणारे बहुतेक व्हिडिओ इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी बनवलेले असतात. इंग्रजांना जे अवघड जाते त्यावर त्यांचा भर असतो. मराठी मुलाच्या अडचणी वेगळ्या आहेत आणि सोयीही वेगळ्या.

पहिली सोय व्यंजनांची. इंग्रजीतला ‘टी’ आपल्या कानाला ‘ट’सारखा लागतो, म्हणून आपण टेबल, टायर असे लिहितो. फ्रेंचमधले तेच अक्षर दातांना जीभ लावून उच्चारतात, म्हणजे सरळ आपला ‘त’. ‘द’चेही तसेच. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ किंचित ‘फ’कडे झुकवून फुंकर घालतो. फ्रेंच माणूस तसे करत नाही आणि मराठी माणूसही करत नाही. इंग्रजी वळणाच्या उच्चारांसाठी जो सराव इंग्लंडच्या मुलाला करावा लागतो, तो पाथर्डीच्या मुलाला लागत नाही. इंग्रजीतून फ्रेंच शिकवणाऱ्या व्हिडिओतला हा भाग खुशाल पुढे ढकलावा.

दुसरी सोय लिंगाची. खुर्ची स्त्रीलिंगी का, असा प्रश्न मराठी मुलाला पडत नाही. फ्रेंचमध्येही खुर्ची, ‘ला शेझ’, स्त्रीलिंगीच आहे. सूर्य दोन्हीकडे पुल्लिंगी. चंद्र मात्र तिकडे स्त्री आहे, ‘ला ल्यून’. आपले घर नपुंसकलिंगी, त्यांचे ‘ला मेझों’ स्त्रीलिंगी. आपल्याकडे तीन लिंगे, त्यांच्याकडे दोनच. विशेषणही आपल्यासारखेच नामाप्रमाणे बदलते. छोटा-छोटी तसे ‘पती-पतीत’. (हा शब्द ऐकून घरातले मोठे हसतील, त्याला इलाज नाही.) म्हणून मुलाला ‘टेबल म्हणजे अमुक’ असा सुटा शब्द न शिकवता ‘ल’ किंवा ‘ला’ लावूनच ऐकवावा. चांगले व्हिडिओ तसेच करतात.

तिसरी सोय ‘तू’ आणि ‘तुम्ही’ची. फ्रेंचमध्ये जवळच्याला ‘त्यू’ आणि मान देऊन ‘व्हू’. इंग्रजीच्या ‘यू’मध्ये हा फरक मावत नाही, मराठी मुलाला तो घरातच मिळतो. वापर मात्र जरा निराळा आहे. आपल्याकडे बऱ्याच घरांत आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतात. फ्रान्समध्ये मूल दोघांनाही, आजी-आजोबांनाही, ‘त्यू’च म्हणते. शिक्षकांसाठी आणि अनोळखी मोठ्यांसाठी ‘व्हू’.

‘त्यू’ आणि ‘तू’ यांचे साम्य योगायोगाचे नाही. दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या आहेत. सात म्हणजे ‘सेत’, दात म्हणजे ‘दाँ’, नाव म्हणजे ‘नों’. संस्कृतात ‘नव’चे दोन अर्थ आहेत, नऊ आणि नवा. फ्रेंचमध्ये ‘नफ’सारखा उच्चार असलेल्या एकाच शब्दाचे हेच दोन अर्थ आहेत. पाचव्या-सहाव्या वर्षी मुलांना अशा जोड्या शोधायला फार आवडते.

आणि अवघड कुठे जाते?

स्वरांत. ‘इ’ म्हणताना ओठ शीळ घातल्यासारखे गोल करायचे, असा एक स्वर फ्रेंचमध्ये आहे. वर ‘त्यू’ लिहिले आहे त्यातला स्वर तो. तो नीट आला नाही तर ‘तू’ आणि ‘सगळे’ हे दोन शब्द एकच होऊन बसतात. नाकातले स्वर तीन-चार आहेत. चांगले म्हणजे ‘बों’, पाव म्हणजे ‘पँ’, वारा म्हणजे ‘वाँ’. जुन्या मराठीत असे अनुनासिक उच्चार बरेच होते आणि लेखनात त्यांचे अनुस्वारही असत. प्रमाण बोलण्यातून ते गेले आणि १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी कागदावरूनही गेले. कोकणी आणि मालवणीत ते आजही आहेत. नगरच्या मुलाला ते हिंदी गाण्यातल्या ‘माँ’ आणि ‘हाँ’मुळे ओळखीचे असतात, तिथून सुरुवात करावी. घशातून काढायचा फ्रेंच ‘र’ जमला नाही तर अडून बसू नये. आपल्या ‘र’ने बोललेलेही तिकडच्या माणसाला समजते.

अंकांची गंमत वेगळीच. फ्रान्समध्ये सत्तरला ‘साठ-दहा’, ऐंशीला ‘चार-वीस’ आणि सत्त्याण्णवला ‘चार-वीस-दहा-सात’ म्हणतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला होता. फ्रेंच मुले ‘चार-वीस’वर वाढतात आणि त्यांचे गणित बिघडत नाही. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधल्या फ्रेंच भाषकांनी सत्तर आणि नव्वदसाठी सुटसुटीत शब्द ठेवले आहेत. खेड्यातल्या जुन्या माणसांना ‘दोन विसा, तीन विसा’ अशी मोजणी आठवत असेल. ती ‘चार-वीस’ची सख्खी बहीणच. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मात्र विसापर्यंतचे अंक पुरेत.

व्हिडिओ कसा निवडायचा?

गाण्यांपासून सुरुवात करायला हरकत नाही, कारण चालीबरोबर उच्चार पक्के बसतात. ‘फ्रेर झाक’ या फ्रेंच बालगीताची चाल तर आपल्या इंग्रजी बालवाड्यांतल्या ‘आर यू स्लीपिंग’मुळे मुलांच्या ओठांवर असतेच. पण गाण्यावर थांबू नये. अर्थ न कळता अख्खे गाणे म्हणणारे मूल म्हणजे पाठांतरच. आपल्याकडे इंग्रजी बालगीतांचे काय होते हे सर्वांनी पाहिले आहे.

गाण्यापेक्षा छोट्या गोष्टी उपयोगी. फ्रेंच मुलांसाठीच बनवलेल्या ‘त्रोत्रो’ या गाढवाच्या पिल्लाच्या किंवा ‘पती उर्स ब्रँ’ या तपकिरी अस्वलाच्या मालिकांचे भाग अवघ्या काही मिनिटांचे असतात. प्रसंगही घरगुती : अंघोळ, जेवण, लपंडाव, रुसवा. चित्र पाहूनच काय चालले आहे ते कळते. ‘पेपा पिग’ इंग्रजीत किंवा हिंदीत आधी पाहिलेल्या मुलाला तोच भाग फ्रेंचमध्ये दाखवला तर गोष्ट ठाऊक असल्याने सगळे लक्ष शब्दांकडे जाते. ही युक्ती सर्वांत स्वस्त आणि, आमच्या मते, सर्वांत चांगली. थोड्या मोठ्या, वाचता येणाऱ्या मुलांसाठी ‘टीव्ही ५ मोंद’ या फ्रेंच वाहिनीच्या संकेतस्थळावर पातळीनुसार मोफत धडे आहेत.

टाळायचे काय? यंत्राच्या आवाजात रंग, फळे आणि प्राणी यांची नुसती यादी वाचणारे व्हिडिओ. दर दोन सेकंदांनी चित्र बदलणारे, किंचाळणारे व्हिडिओ. एका वाक्यात इंग्रजी, हिंदी आणि फ्रेंच मिसळणारेही. आणि एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होण्याची सोय आधी बंद करावी. फ्रेंच गाढवापासून निघालेले मूल दहा मिनिटांत खेळण्यांच्या जाहिरातीवर पोहोचते, तेही इंग्रजीत. ठरवलेला भाग उतरवून घेऊन फोनचे इंटरनेट बंद करून दाखवणे सर्वांत बरे. त्यात डेटाही वाचतो.

नवा व्हिडिओ रोज शोधू नये. तोच भाग आठवडाभर पाहायला मुलांना कंटाळा येत नाही, तो मोठ्यांना येतो.

घरात कोणालाच फ्रेंच येत नसेल तर?

जिल्ह्यातल्या बहुतेक घरांची हीच स्थिती असणार. अशा वेळी पालकाने शिक्षक होण्याची गरज नाही, सोबत शिकणारा व्हावे. आधी स्वतः तो भाग पाहून त्यातले तीन-चार शब्द निवडावेत. मग मुलाबरोबर पाहताना मध्येच थांबवून मराठीतून विचारावे : आता ते काय म्हणाले? अस्वलाने काय मागितले? पाहून झाल्यावर तेच शब्द दिवसभरात वापरावेत. दूध देताना ‘ले’, सफरचंद कापताना ‘पोम’, झोपताना ‘बोन न्यूई’. डिलोश यांच्या प्रयोगात जिंकलेली मुले अशाच घरांतली होती.

पालकाचा उच्चार चुकला तर मुलाचा बिघडेल का, ही भीती स्वाभाविक आहे. मुलाच्या कानावर मूळ आवाज रोज पडत असेल तर फारसे बिघडत नाही. उलट ‘आईचे चुकले, माझे बरोबर’ हे दाखवण्यात मुले हौसेने बोलतात. त्यांना ती संधी द्यावी. फ्रेंच शब्द देवनागरीत लिहून पाठ करून घेणे मात्र टाळावे, कारण ओठ गोल करून काढलेला तो स्वर कागदावर येताच ‘यू’ होऊन जातो. फ्रेंच लेखन शिकवण्याचीही घाई नको. त्या भाषेत शब्दाच्या शेवटची कितीतरी अक्षरे लिहितात पण उच्चारत नाहीत. इंग्रजी स्पेलिंगशी झगडणाऱ्या पहिलीतल्या मुलावर हा दुसरा बोजा कशाला?

गाडीवाटच्या विषयमित्रांची कल्पना इथे घेता येईल. शेजारची दोन-तीन मुले एकत्र बसवून एकाच फोनवर पाहिले आणि नंतर त्याच प्रसंगाचे नाटक केले, तर मुलांना बोलायला कोणीतरी मिळते. २०२० च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवर लागलेल्या ‘टिलीमिली’ मालिकेचा गाभाही असाच होता : पडद्यावर पाहा आणि मग घरात, अंगणात करून बघा.

ओळखीत कोणी फ्रेंच जाणणारे असेल, पुण्यात शिकणारी मावशी, कॅनडात गेलेला मामा, तर आठवड्यातून दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल तासभराच्या मुद्रित व्हिडिओपेक्षा मोलाचा आहे.

पडद्यापुढे किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षापर्यंत पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. कमी असेल तितके बरे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्लाही जवळपास हाच आहे : दोन वर्षांखाली पडदा टाळा, दोन ते पाच या वयात मोठ्यांच्या देखरेखीखाली जास्तीत जास्त एक तास.

हा एक तास फक्त फ्रेंचचा नाही. कार्टून, आजोबांसोबत पाहिलेली मालिका, जेवताना दिलेला मोबाइल, सगळे त्यातच मोजायचे. ‘शिकण्याचा व्हिडिओ आहे’ म्हणून वेगळा वेळ मिळत नाही. म्हणजे फ्रेंचसाठी १५ ते २० मिनिटे हाती राहतात, तीही दुसरे काही कमी करून. आणि जेवण भरवण्यासाठी लावलेल्या व्हिडिओला भाषाशिक्षण म्हणू नये.

पण एवढ्या लहानपणी फ्रेंचच कशाला?

२०२५ मध्ये महाराष्ट्राने पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून मोठे रण पाहिले. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने हिंदी पहिलीपासून आली, १७ जूनला सुधारित निर्णय निघाला आणि २९ जूनला दोन्ही रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली. मुख्य आक्षेप राजकीय होते तसे शैक्षणिकही होते. मातृभाषेचा पाया पक्का होण्याआधी सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा कशाला, असे अनेक शिक्षणतज्ज्ञ म्हणत होते. मग तोच पालक चार वर्षांच्या मुलाला फ्रेंच लावतो, यात विसंगती नाही का? सक्ती, परीक्षा आणि गुण नसतील तर नाही. तीच फ्रेंच घरी तास लावून, वही तपासून घेतली तर आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन या भाषांचा उल्लेख आहे, पण तो माध्यमिक टप्प्यासाठी. राज्यात अकरावी-बारावीला फ्रेंच घेता येते आणि सीबीएसई, आयसीएसईच्या बऱ्याच शाळांत ती मधल्या इयत्तांत सुरू होते. जगात फ्रेंच जाणणारे ३२ कोटींच्या आसपास आहेत, आफ्रिकेत त्यांची संख्या वाढते आहे आणि कॅनडाने २०२३ पासून स्थलांतरितांच्या निवडीत फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळा गट ठेवला आहे. उपयोग आहेच. पण तो विशीतला उपयोग आहे, त्यासाठी चौथ्या वर्षी धावायचे कारण नाही.

स्पेनमधील बार्सिलोना येथे शाळेत परदेशी भाषा लवकर आणि उशिरा सुरू करणाऱ्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. आठव्या वर्षी सुरुवात केलेली आणि अकराव्या वर्षी सुरुवात केलेली मुले सारखेच तास शिकल्यावर तपासली तेव्हा उशिरा सुरू केलेलीच पुढे दिसली. मोठे मूल नियम पकडते, वाचते, तुलना करते. लहान वयाचा खरा फायदा भरपूर भाषा कानावर पडत असेल तरच मिळतो, जो फ्रेंच शेजार असलेल्या घराला मिळेल, नगरमधल्या घराला नाही.

त्याहून उशिरा शिकलेल्या फ्रेंचचाही पुरावा नगरमध्येच आहे. १९४२ ते १९४५ या काळात भुईकोट किल्ल्यात नेहरूंसोबत कैदेत असलेले आचार्य नरेंद्र देव ‘अभिधर्मकोश’ या बौद्ध ग्रंथाचे फ्रेंचवरून हिंदी भाषांतर करत होते. हातात पुस्तक होते आणि वेळ होता. बालगीताची गरज पडली नाही.

जिल्ह्यातली दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. अकोल्याच्या डोंगरात ठाकरी बोली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठीच नवी असते. पाथर्डी-शेवगावकडची, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतली मुले शाळेचे अर्धे वर्ष गमावतात. तिथल्या शिक्षकांपुढचा प्रश्न फ्रेंचचा नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओची सर्वाधिक गरज त्या मुलांना आहे, आणि ती त्यांच्या बोलीतून मराठीकडे नेणाऱ्या व्हिडिओंची आहे. तसे फार थोडे तयार होतात.

पुढे शिकायचे झाले तर?

सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ‘डेल्फ प्रिम’ ही आंतरराष्ट्रीय परीक्षा असते. तिची सर्वांत खालची पातळी अगदी प्राथमिक शब्द आणि वाक्ये यांवर बेतलेली आहे. पुण्या-मुंबईत आलियाँस फ्राँसेझचे वर्ग आहेत. मोठ्यांसाठी पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारातला, अनेक पिढ्यांच्या ओळखीचा आहे. पुणे नगरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत असले तरी लहान मुलाला घेऊन दर आठवड्याला जाणे व्यवहार्य नाही. म्हणून ऑनलाइन तास निवडताना एकच गोष्ट आधी विचारावी : तास थेट आहे की मुद्रित? थेट असेल तर एका वेळी किती मुले आणि प्रत्येकाला बोलायला किती मिनिटे मिळतात? ‘तीन महिन्यांत अस्खलित’ असे सांगणाऱ्याला पैसे देऊ नयेत. एक तास आधी मोफत बसू द्या म्हणावे, आणि त्या तासात आपले मूल किती वेळा बोलले ते मोजावे.

मूल कंटाळले, दुसरे काही मागू लागले, तर बिनदिक्कत थांबावे. पाचवी-सहावीत पुन्हा सुरू करता येते, आणि त्या वयात ते जास्त वेगाने जाते.